ट्यूडरबाईंचा तुतारीवाला

आमच्या इतिहासाच्या बाई शिकवताना अडल्या की खडू टेबलावर ठेवायच्या आणि चालायला लागायच्या. नुसत्या येरझाऱ्या नव्हेत. कुणीतरी होऊन चालायच्या. कधी चर्चमधून बाहेर पडणारी विधवा, कधी पार्लमेंटात निघालेला जमीनदार, कधी शिरच्छेदाच्या चबुतऱ्याकडे नेली जाणारी राणी. अंगावर हातमागाची साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि चेहऱ्यावर अगदी परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी काळजी. खिडकीपर्यंत जाऊन परत यायच्या आणि म्हणायच्या, "नाही. अशी नसेल चालली ती." आणि पुन्हा निघायच्या. आम्ही वह्या उघड्या टाकून बघत बसायचो. यातलं उतरवून काय घ्यायचं, हे कुणालाच कळत नसे.

सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं. नाशिकच्या एका कॉलेजात मी बीएला होते आणि आम्हाला इंग्लंडच्या इतिहासाचा पेपर होता. त्यातलं ट्यूडर घराणं बाईंच्या वाट्याला आलेलं. इतर सगळ्या घराण्यांची बोळवण त्या भराभर करायच्या, पण ट्यूडरांपाशी आल्या की दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत तिथून हलायच्या नाहीत. म्हणून त्या ट्यूडरबाई. पुढे हे नाव कॉलेजच्या बाहेरही गेलं. मेन रोडवरच्या एका दुकानदाराला ते त्यांचं आडनावच वाटायचं. तो त्यांना दर डिसेंबरात आवर्जून नाताळच्या शुभेच्छा द्यायचा आणि बाई न चुकता आभार मानायच्या.

बाईंचं एक वाक्य आम्हाला फार छळायचं: "मला माहीत नाही." दुसरे कुठलेच प्राध्यापक असं बोलत नसत. राजाच्या स्वयंपाकघरात कोण राबायचं, तिथल्या बायका रात्री दारं लावून घेत का, असं काहीतरी बाई स्वतःच विचारायच्या आणि स्वतःच सांगायच्या, "मला माहीत नाही." आम्ही गाईड वाचून पास होणारी मुलं. आम्हाला उत्तरं हवी असायची. एका मुलीनं चिडून सहामाहीच्या पेपरात एका प्रश्नाखाली "माहीत नाही" एवढंच लिहिलं. बाईंनी तिला त्याचा अर्धा मार्क दिला. ती मुलगी आणखीच चिडली.

एके दिवशी बाईंनी आम्हाला त्या माणसाबद्दल सांगितलं. त्या तरुणपणी दोन वर्षं इंग्लंडला भावाकडे राहिल्या होत्या. तिथं संध्याकाळच्या एका वर्गात जुनी दरबारी नृत्यंही शिकल्या होत्या. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी एक लांबलचक चित्र पाहिलं. सहा बायका करणाऱ्या त्या प्रसिद्ध राजाच्या मिरवणुकीचं. त्यात घोड्यावर बसलेले तुतारीवाले होते, आणि त्या गोऱ्या चेहऱ्यांच्या रांगेत एक चेहरा काळा होता. डोक्याला फेट्यासारखं काहीतरी गुंडाळलेलं. बाई म्हणाल्या, "मी तिथून हललेच नाही. साडेचारशे वर्षांपूर्वी हा आफ्रिकेतला माणूस लंडनच्या दरबारात काय करतोय? कसा आला? कुणाशी बोलत असेल?"

त्याच्याविषयी कागदोपत्री फारसं काही नव्हतं. त्याचं लग्न झालं तेव्हा राजानं त्याला जांभळ्या कापडाचा झगा भेट दिला, अशी नोंद होती. बायको कोण, ते लिहिलेलं नव्हतं. नाव होतं, पण त्या नावाचा अर्थ होता 'पांढरा'. कुणीतरी थट्टेनं ठेवलेलं असणार. त्यामुळे बाई ते नाव कधीच घ्यायच्या नाहीत, नुसतं 'तो' म्हणायच्या. मुली त्यावरही हसायच्या, की बाई नवऱ्याचं नाव न घेतल्यासारखं करतात.

पण त्या दिवशी, नावाचा तो अर्थ सांगितला तेव्हा, वर्गातली सगळी डोकी एकदम माझ्याकडे वळली. कारण वर्गात मला 'गोरी' म्हणायचे. मी चांगली काळीभोर आहे. पहिल्या वर्षी कुणीतरी ते नाव ठेवलं आणि मीही त्याला ओ देऊ लागले होते. बाईंनी वळलेली डोकी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि खडू खाली ठेवला. चालल्या मात्र नाहीत. तास संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

त्या वर्षी गॅदरिंगसाठी प्राचार्यांनी बाईंना एक नृत्य बसवायला सांगितलं. त्यांच्या मनात कोळीनृत्य होतं. बाईंच्या मनात तो होता. राजाची मिरवणूक, तुतारीवाला, त्याचं लग्न आणि झगा, असं त्यांनी मनाशी रचलं. कथ्थक शिकलेली सुलभा आमच्यात सर्वांत छान नाचायची. मुख्य काम आपलंच, असं ती धरून चालली होती. चेहऱ्याला काजळ आणि तेल लावलं की झालं, असंही तिनं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "तोंडाला काही फासायचं नाही. तू राजा हो." आणि त्यांनी मला बोलावलं. मी जन्मात कधी स्टेजवर नाचले नव्हते. मला आनंद झाला की राग आला, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

घरी आईनं मात्र एका वाक्यात निकाल लावला. "काळी हाय म्हून घेतलं तुला. दुसरं काय?" आणि ती भाकरी थापत राहिली.

आप्पा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून होते. आमचं मूळ गाव येवल्याकडचं. माझे आजोबा तिथं शिंग फुंकायचे. पाटलाकडचं लग्न असो, जत्रा असो, साहेबाची स्वारी असो, पुढं शिंग घेऊन चालायचं काम आमच्या घराकडे. आणि जेवायला बसायचं ते सगळ्या पंगती उठल्यावर, बाहेर. धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी आजोबांनी ते शिंग नदीत सोडलं आणि पुन्हा कुणापुढं काही वाजवलं नाही. आप्पा हे फार क्वचित सांगायचे. त्या दिवशी त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि मग विचारलं, "राजाच्या पुढं वाजवणाराच का? तुझ्या बाईंना राजा करायला तू नाही दिसलीस?"

मी दुसऱ्या दिवशी हा प्रश्न जसाच्या तसा बाईंना सांगितला. त्यांनी तालीम तिथंच थांबवली आणि सगळ्यांना घरी पाठवलं. पुढच्या रविवारी त्या आमच्या कॉलनीत आल्या. सायकलवरून. कॅरिअरला केळ्यांची पिशवी लावलेली. आईनं खुर्ची पुसून दिली. बाई बसल्या, भिंतीवरच्या तसबिरींकडे बघून त्यांनी हात जोडले आणि आईनं दिलेला चहा बशीत ओतून प्यायल्या. मी आतल्या दारात उभी.

आप्पांनी कचेरीत विचारपूस करावी तसं एकेक विचारलं.

"तो घोड्यावर होता म्हणता. घोडा स्वतःचा?"

"माहीत नाही."

"आपखुशीनं आला होता, की धरून आणला होता?"

"माहीत नाही."

"पंगतीत बसून जेवायचा का इतरांबरोबर?"

बाईंनी कप खाली ठेवला. "हा प्रश्न मला कधी सुचलाच नाही," त्या म्हणाल्या. "माहीत नाही."

"मग तुम्हाला माहीत काय आहे, बाई?"

"तो होता. एवढंच."

आप्पा माझ्याकडे वळले. मग त्यांनी मला विचारलं, तुला करायचंय का. मी मान हलवली, पण ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही. आप्पांनी हो धरलं. फक्त एक अट घातली: "माझी पोरगी कुणापुढं मान झुकवणार नाही." बाई म्हणाल्या, "बघते." हा होकार होता की नकार, यावर आईचं आणि आप्पांचं त्या संध्याकाळी भांडण झालं.

कारण अडचण खरीच होती. ते नृत्य सगळं सावकाश चालण्याचंच होतं. एक पाऊल, थांबणं, दुसरं पाऊल, आणि शेवटी गुडघा वाकवून राजाला मुजरा. बाई मला म्हणायच्या, "दरबारात न वाकणारा वाजंत्री कसा असेल, रत्ना? राहू दिला असता का त्याला?" आणि लगेच म्हणायच्या, "पण तुझे आप्पा म्हणतात तेही बरोबर आहे." रोज तालीम मुजऱ्यापाशी येऊन थांबायची. पुढचं आम्ही कधी केलंच नाही.

याच सुमारास त्या मला नाशकातल्याच शरणपूरला घेऊन गेल्या. शंभरेक वर्षांपूर्वी गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं मिशनऱ्यांनी तिथं आणून ठेवली होती, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ती मुलं नाशकात वाढली, मराठी शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली आणि पुढे बरीचशी आफ्रिकेला परत गेली. बाईंना वाटत होतं, इथं कुणाच्या तरी पायांत त्यांची एखादी चाल राहिली असेल. तिथं रूथमावशी म्हणून एक निवृत्त नर्स राहायच्या. त्यांची आजी लहानपणी त्या मुलांबरोबर खेळलेली. मावशींनी हौसेनं उठून पदर खोचला आणि दोन-चार पावलं टाकून दाखवली. मग थांबल्या. "नाही, आजी अशी करायची," म्हणून निराळीच टाकली. मग खाली बसून म्हणाल्या, "खरं सांगू का, हे मी कदाचित एखाद्या नाताळात बँडवर पाहिलेलं असेल. आता सगळं एक झालंय." बाई खुदकन हसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. परत येताना, मी कॅरिअरवर बसलेली असताना, त्या म्हणाल्या, यातलं काही घ्यायचं नाही. खोटं ठरेल. मी विचारलं, मग आपलं जे चाललंय ते खरं आहे का? त्यांनी सायकल थांबवली, उतरल्या आणि बाकीचा रस्ता माझ्याबरोबर पायी चालल्या.

गॅदरिंगच्या संध्याकाळी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढं पाहुणे, मग पालक, अगदी मागं मुलं. आप्पा तिसऱ्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. आई आली नव्हती. मी विंगेत उभी राहून बाईंना विचारलं, "वाकू की नको?" बाईंचा चेहरा माझ्याहून घाबरलेला. "तिथं गेल्यावर तुला जे होईल ते," त्या म्हणाल्या. मला इतका संताप आला. शिकवणाऱ्यानं असं म्हणायचं असतं का?

निवेदकानं आमचं नृत्य 'ख्रिस्ती बांधवांचा विवाहसोहळा' म्हणून जाहीर केलं. पडद्यामागं भद्रकालीतल्या एका बँडवाल्याला कॉर्नेट घेऊन बसवलं होतं. त्याला बाईंनी दिलेली सुरावट येत होती, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी सवयीनं वरातीचा एक झटका तो मारायचाच. मी निघाले. एक पाऊल, थांबणं, दुसरं पाऊल. समोर प्राचार्यांच्या खुर्चीवर राजा होऊन सुलभा बसलेली, मांडीवर जांभळ्या साटिनचा झगा. मी निम्म्यात आले आणि मागून कुणीतरी ओरडलं, "ए गोरे!" सगळा मांडव हसला.

मी थांबले. लोक पुढे म्हणाले की मी बाणेदारपणे थांबले. तसं काही नव्हतं. कुठला पाय पुढं टाकायचा होता तेच मला आठवेना. कॉर्नेट पुढं गेलं, मी तिथंच. मग कशीबशी राजासमोर जाऊन उभी राहिले. सुलभा मुजऱ्याची वाट बघत होती. तिनं ओठ न हलवता म्हटलं, "वाक ना गं." माझी मान जागची हलेना. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आप्पा माझ्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे बघत होते.

शेवटी सुलभाच उठली. मी वाकले की झगा माझ्या खांद्यांवर टाकायचा, असं ठरलेलं. मी तिच्याहून चांगली उंच. तिनं टाचा उंचावून तसाच टाकला, तो साटिनचा, सुळकन घसरून माझ्या पायांपाशी पडला. बिचारी गोंधळली आणि तो उचलायला खाली वाकली. डोक्यावरचा मुकुट तिनं एका हातानं धरून ठेवला होता. माझ्या पायांशी राजा वाकलेला, आणि मी ताठ उभी. मांडवात पुन्हा हशा पिकला, आणि मग, का कोण जाणे, तो मधेच थांबला. सुलभानं झगा माझ्या हातात दिला. मी तो स्वतःच अंगावर घेतला आणि चालत विंगेत आले. टाळ्या आधी पुढून आल्या की मागून, ते मला आठवत नाही.

घरी जाताना आप्पा म्हणाले, "शिंग खाली ठेवून घरी यायला लागला की तुझा आजा असाच चालायचा."

कॉलेजात मात्र गहजब झाला. राजा वाजंत्र्यापुढं वाकला, हा कुठला इतिहास, असं विभागप्रमुखांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं. झगा पडला म्हणून तसं झालं, एवढं सांगून बाईंना सुटता आलं असतं. त्या म्हणाल्या, "मलाही कळलं नाही. पण विंगेतून बघताना मला पहिल्यांदा तो दिसला." पुढच्या वर्षी कोळीनृत्य झालं आणि ते बसवायला दुसऱ्या बाई होत्या. आमच्या बाईंना पुन्हा कुणी काही बसवायला सांगितलं नाही. सुलभा आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, आणि मग एक दिवस कँटीनमध्ये ते सगळं आठवून आम्ही दोघी पोट दुखेस्तोवर हसलो. मला 'गोरी' म्हणणं हळूहळू बंद झालं. कुणी ठरवून केलं नाही. मीच ओ देत नव्हते.

नंतर मी कळवणला शाळेत लागले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर निरोप आला की बाई नोकरी सोडून कायमच्या इंग्लंडला भावाकडे निघाल्यात. त्यांची दृष्टी अधू झाली होती. मी रविवारी एसटीनं आले. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या खोलीत दोन ट्रंका बांधून ठेवलेल्या, पुस्तकं वाटून टाकलेली, भिंती मोकळ्या. बाई भिंतीला हात लावत चालत होत्या. त्या कुणी होऊन चालत नव्हत्या, आणि ते बघवत नव्हतं.

चहा झाल्यावर मी विचारलं. इतकी वर्षं विचारायचं राहिलं होतं. "बाई, मला तुम्ही रंगामुळे घेतलंत का?"

त्यांनी 'माहीत नाही' म्हटलं असतं तरी मी समजू शकले असते.

"हो," त्या म्हणाल्या. "आधी रंगच दिसला मला. मग तुझ्या घरी आले, तुझ्या वडिलांनी एकेक विचारलं, आणि माझ्या लक्षात आलं, तो काय जेवत असेल, कुणाशी बोलत असेल, याचा विचार मी वर्षानुवर्षं करतेय. तुला मात्र मी काहीच विचारलं नव्हतं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुला काय करायचं होतं गं त्या गॅदरिंगमध्ये?"

मला राग यायला हवा होता. आलाही असेल. पण त्या प्रश्नानं माझी अशी काही तारांबळ उडाली की तो कुठं गेला ते समजलं नाही. हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. घरीसुद्धा नाही. मी म्हणाले, "मला गायचं होतं."

"काय?"

"जयंतीला आमच्या कॉलनीत बायका म्हणतात ते. आई म्हणते ते."

बाई ट्रंकेवर बसल्या, साडी नीट केली आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. "म्हण," म्हणाल्या.

त्या मोकळ्या खोलीत आवाज फार मोठा झाला. दुसऱ्या कडव्यात मी विसरले आणि थांबले. बाईंनी ना सुचवलं, ना हात हलवला. माझ्याकडे म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून त्या नुसत्या थांबून राहिल्या. मग मी पहिल्यापासून सुरुवात केली आणि पूर्ण म्हटलं.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. त्या तिकडेच वारल्या, हे मला वर्षभरानं कळलं. मुलांना इतिहास शिकवताना मी अजूनही अडते, तेव्हा काय करावं हे मला सुचत नाही. मला बाईंसारखं चालता येत नाही. मी वर्गातल्या कुणाला तरी उभं करते आणि विचारते, तुला काय वाटतं? बहुतेक मुलं गोंधळून माझ्याकडे बघत राहतात. मी थांबते.